घर जपले, हेतूचे काय?

सोलापूर शहरातील भैया चौक परिसरात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे घर उभे आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांची आणि शेतकऱ्यांची शुश्रूषा करता करता मृत्यू पावला. मृत्यूसमयी त्याचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्याचे घर महानगरपालिकेने दुरुस्त केले, स्मारक म्हणून जतन केले आणि २०१२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. मृत्यू आणि स्मारक यांच्यामध्ये सत्तर वर्षांचा काळ लोटला; परंतु उशिरा का होईना, घर वाचले. ज्या देशात थोरांची जन्मस्थाने बिल्डरांच्या घशात जाणे हे नित्याचे झाले आहे, त्या देशात एक सामान्य मध्यमवर्गीय घर युद्धस्मारक म्हणून उभे राहावे, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे.

तथापि घर वाचले म्हणजे स्मृती वाचली, असे समजण्याची घाई करता येणार नाही. भिंती, छप्पर आणि तसबिरी यांची निगा राखणे हे बांधकाम खात्याचे काम आहे. या घरातून एक तरुण कोणत्या हेतूने बाहेर पडला, त्याला कोणी पाठवले, तो कोणाविरुद्ध उभा राहिला आणि त्याच्या जाण्याने त्याच्या स्वतःच्या परतंत्र देशाबद्दल काय सिद्ध झाले, या प्रश्नांची उत्तरे सांभाळणे हे मात्र कोणत्याही खात्याचे काम नव्हे. ते लोकचळवळीचे काम आहे. आणि लोकचळवळीने ते सोडून दिले, तर ती जागा कोण भरून काढतो, हे गेल्या काही दशकांत पुरेसे स्पष्ट झाले आहे.

भग्न वास्तू काय सांगतात?

दुसऱ्या महायुद्धाने जगभर अशी असंख्य ठिकाणे मागे ठेवली. फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान या शेतकरी वस्तीत १० जून १९४४ रोजी नाझी सैन्याने सहाशेहून अधिक स्त्री-पुरुष आणि मुले मारली आणि गाव पेटवून दिले. युद्धानंतर फ्रान्सने नवे गाव शेजारी वसवले. जळालेली घरे, कोसळलेले गोठे आणि गंजलेल्या मोटारी मात्र होत्या तशाच ठेवल्या. तेथे कोणी रंगरंगोटी केली नाही. येणाऱ्याने भग्न भिंतींकडे पाहावे आणि स्वतः विचार करावा, एवढीच त्या स्मारकाची अपेक्षा होती. आज इतक्या वर्षांनी पाऊस-वाऱ्याने त्या भिंतीही ढासळू लागल्या आहेत आणि भग्नावशेष टिकवण्यासाठीदेखील श्रम आणि पैसा लागतो, हे फ्रेंच जनतेच्या ध्यानात आले आहे.

याच्या अगदी उलट वाट भारतात चोखाळली गेली. अमृतसरच्या जालियनवाला बागेचे नूतनीकरण करून ती ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा खुली करण्यात आली. १३ एप्रिल १९१९ रोजी ज्या अरुंद बोळातून डायरचे शिपाई आत शिरले, त्या बोळाच्या भिंतींवर शिल्पे बसवली गेली आणि बागेत ध्वनिप्रकाशाचा खेळ सुरू झाला. देशातील आणि परदेशातील अनेक इतिहासकारांनी यावर उघड आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्या बोळाची भीती वाटली पाहिजे तो सुशोभित केला, की तेथे घडलेला गुन्हाही सौम्य वाटू लागतो.

युद्धस्मारक बिघडण्याचे मार्ग म्हणून दोन आहेत. एक, ते दुर्लक्षाने कोसळते. दुसरा, ते सजावटीखाली गाडले जाते. कोटणीसांच्या घराला पहिला धोका तूर्त उरलेला नाही. दुसऱ्या धोक्याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण येथील सजावट संगमरवराची नसून राजनैतिक शिष्टाचाराची आहे, आणि म्हणूनच ती चटकन नजरेत भरत नाही.

पाच डॉक्टर आणि एक परतंत्र देश

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलावर चकमक घडवून जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र पाठवून वैद्यकीय साहाय्य मागितले. भारत तेव्हा स्वतः गुलाम होता. त्याच्यापाशी सैन्य नव्हते, परराष्ट्र खाते नव्हते, सरकारी तिजोरी नव्हती. तरीही १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी जनतेला हाक दिली, जुलै महिन्यात चीन दिन पाळला गेला, सुमारे २२,००० रुपये लोकवर्गणीतून जमले आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोलकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबई बंदरातून निघाले.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात, फ्रँकोच्या फॅसिस्ट सैन्याशी लढणाऱ्या लोकशाही बाजूकडे वैद्यकीय सेवा करून आले होते. नेहरू स्वतः १९३८ च्या जून महिन्यात बार्सिलोनाला जाऊन आले होते. स्पेन, अबिसीनिया आणि चीन हे तीन स्वतंत्र अपघात नसून एकाच रोगाची तीन लक्षणे आहेत, ही जाणीव त्या वेळच्या राष्ट्रीय चळवळीला होती. समाजवादी तरुणांना तर ती विशेषच तीव्रतेने होती. साम्राज्यशाहीशी लढणाऱ्या एका पददलित राष्ट्राने दुसऱ्या पददलित राष्ट्राला मदतीचा हात देणे, हा दानधर्म नव्हता. तो राजकीय निर्णय होता. दिल्लीच्या व्हाइसरॉयला न विचारता भारतीय जनतेने स्वतःचे परराष्ट्र धोरण आखल्याचे ते एक आरंभीचे उदाहरण होते, आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या आणि गिरणी कामगाराच्या खिशातून निघाला होता.

मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला कोटणीस हा पदव्युत्तर शिक्षणाची स्वप्ने पाहणारा तरुण होता. चीनमध्ये पोहोचल्यावर काही महिन्यांतच त्याला वडिलांच्या निधनाची बातमी कळली. परत येण्याचे पुरेसे कारण त्याच्यापाशी होते. तो परतला नाही. चोलकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये भारतात आले, अटल १९४० मध्ये परतले, बसू १९४३ मध्ये आले. कोटणीस तेवढे आलेच नाहीत.

शेतकऱ्याच्या अंगणातील इस्पितळ

सोलापूरच्या घराचा अर्थ उलगडतो तो उत्तर चीनच्या खेड्यांत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले आणि त्यानंतर कोटणीस वुताई पर्वताच्या परिसरातील गनिमी प्रदेशात गेले. त्यांच्याआधी तेथे काम करणारे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी १९३८ च्या सप्टेंबरमध्ये सोंगयानखो या खेड्यात एक आदर्श इस्पितळ उभारले होते. गावकऱ्यांनी त्यासाठी राबून श्रम दिले होते. काही आठवड्यांतच जपानी सैन्याने ते उद्ध्वस्त केले. त्या भग्नावशेषांतून एक धडा निघाला. गनिमी युद्धात इस्पितळाने एका जागी बसून चालत नाही. इस्पितळाने जखमी माणसाकडे गेले पाहिजे. तेव्हापासून शस्त्रक्रियेची हत्यारे आणि औषधे खेचरांच्या पाठीवर लादली गेली, शेतकऱ्याच्या घरातील पडवी हीच शस्त्रक्रियागृह झाली, दाराची फळी हीच मेज झाली. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून रक्तदोषाने वारले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळली होती. तेही एका शेतकऱ्याच्याच घरात वारले.

पुढे त्यांच्याच नावाने चाललेल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांची नेमणूक झाली. हेबेई प्रांतातील तांग परगण्यात, गेगोंग या खेड्यात हे रुग्णालय चालत असे. रुग्णालय म्हणजे एखादी भव्य इमारत नव्हे. खेड्यातील घरे आणि अंगणे हेच रुग्णालय. १९४० च्या उत्तरार्धातील शंभर पलटणींच्या मोहिमेत कोटणीसांनी सुमारे ८०० जखमींवर उपचार केले. सलग ७२ तास झोप न घेता त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, असे सांगितले जाते. त्या मोहिमेचा सूड म्हणून जपानी सैन्याने सर्व जाळा, सर्व मारा, सर्व लुटा हे धोरण अवलंबले. गावेच्या गावे बेचिराख झाली. धान्याची कोठारे, गुरांचे गोठे, विहिरी, काहीही सुटले नाही. औषधे नव्हती, अन्न अपुरे होते, शत्रूच्या धाडी आल्या की रुग्णांसह डोंगरात निघून जावे लागे. अशा परिस्थितीत कोटणीस चिनी भाषा शिकले, त्या भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहू लागले. दुसरे पुस्तक अपुरे राहिले. त्याच रुग्णालयातील परिचारिका-शिक्षिका कुओ छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव भारत आणि चीन या दोन देशांच्या नावांतील अक्षरे जोडून यिनहुआ असे ठेवण्यात आले. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता तोच अपस्माराच्या झटक्यांनी पित्याचा अंत झाला.

कोटणीसांना गोळी लागली नाही. ते श्रमाने आणि आजाराने गेले. युद्धस्मारकांच्या रूढ भाषेत अशा मृत्यूला जागा नसते. त्या भाषेला तलवार, घोडा आणि रणगाडा लागतो. ज्याच्या हातात सुरी होती ती शरीर फाडण्यासाठी नव्हे तर शिवण्यासाठी, अशा माणसाचे स्मारक घराच्या रूपात असावे हेच योग्य आहे. घर हे सांगते की हा माणूस कोणत्याही सेनापतीच्या वंशातला नव्हता. तो गिरण्यांच्या गावातल्या एका साध्या घरात वाढला, आणि तुमच्या-आमच्या घरातूनही असा माणूस निघू शकतो.

१९४२ चा अवघड प्रश्न

येथे एका अशा प्रश्नाला तोंड दिले पाहिजे, की ज्याला सरकारी समारंभातील भाषणे नेहमी बगल देतात. १९४२ च्या जुलैमध्ये कोटणीस चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. पुढच्याच महिन्यात, ८ ऑगस्ट रोजी, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. भारतातील कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला लोकयुद्ध मानून त्या लढ्याला विरोध केला. समाजवाद्यांनी मात्र लढा भूमिगत राहून पुढे नेला. नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या रात्री जयप्रकाश नारायण हजारीबागच्या तुरुंगातून तटावरून उतरून निसटले. त्यानंतर एका महिन्याने कोटणीस चीनमध्ये वारले. ज्या सुभाषबाबूंनी हे पथक पाठवले, तेच १९४३ मध्ये जपानच्या साहाय्याने आझाद हिंद सेनेचे नेतृत्व करीत होते.

एकाच चळवळीतून निघालेली माणसे चार वर्षांत इतक्या भिन्न वाटांनी गेली. यावर पुढे डाव्यांच्या दोन परंपरांमध्ये कटू वाद झाले, एकमेकांना देशद्रोही म्हणण्यापर्यंत मजल गेली. या वादात बेचाळीसच्या भूमिगतांची बाजू समाजवाद्यांना आजही योग्य वाटते, आणि ती योग्यच होती. परकी सत्तेला उखडून टाकण्याचा भारतीय जनतेचा हक्क लंडन किंवा मॉस्को यांच्या युद्धनीतीवर अवलंबून नव्हता. परंतु म्हणून कोटणीसांचा मार्ग चूक ठरत नाही. चीनच्या खेड्यात बसून ज्याने रोज जळालेली गावे पाहिली, त्याला जपानी सैन्य हे कोणाचे मुक्तिदाते वाटणे शक्य नव्हते. आणि येरवड्याच्या किंवा हजारीबागच्या तुरुंगात बसून ज्याने इंग्रजी राजवट पाहिली, त्याला चर्चिल हा लोकशाहीचा रक्षक वाटणे शक्य नव्हते. दोघेही आपापल्या ठिकाणी साम्राज्यशाहीशीच लढत होते.

ही गुंतागुंत सांगण्याचे धैर्य ज्या स्मारकात नाही, ते स्मारक लहान मुलांच्या पाठ्यपुस्तकासारखे होते. भैया चौकातील घरात येणाऱ्या विद्यार्थ्याला हे कळले पाहिजे, की इतिहासात प्रामाणिक माणसे परस्परविरुद्ध निष्कर्षांवर येऊ शकतात, आणि तरीही त्यांच्यातील समान धागा शोधता येतो. पक्षाच्या अभ्यासवर्गांनीही या प्रश्नाची चर्चा टाळू नये. जुन्या भांडणांची उजळणी करण्यासाठी नव्हे. तर फॅसिझमला विरोध आणि राष्ट्रीय स्वातंत्र्य यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न आजही जगात अनेक ठिकाणी जिवंत आहे म्हणून.

सरकारे कधी आठवण काढतात?

स्मारकांचा इतिहास पाहिला तर सरकारांच्या स्मरणशक्तीचे एक विलक्षण वेळापत्रक दिसते. कॅनडात बेथ्यून यांचे नाव अनेक वर्षे अधिकृत वर्तुळात अडचणीचे मानले जात होते. कारण ते कम्युनिस्ट होते. १९७० मध्ये कॅनडाने चीनच्या लोकप्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि गव्हाचा व्यापार व राजनैतिक संबंध यांना महत्त्व आले. १९७३ मध्ये सरकारने ग्रेव्हनहर्स्ट येथील त्यांचे जन्मघर विकत घेतले आणि १९७६ मध्ये ते स्मारक म्हणून खुले केले. घर तेच होते. माणूस तोच होता. बदलली होती ती सरकारची गरज.

भारतात याहून वेगळे घडले नाही. १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी कोटणीसांवर चित्रपट काढला आणि त्यांचे नाव घराघरात पोहोचले. पन्नाशीच्या दशकात दोन देशांच्या मैत्रीच्या घोषणा झाल्या आणि कोटणीस व्यासपीठावर आले. १९६२ चे युद्ध झाले आणि ते व्यासपीठावरून उतरले. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. भारताने काढले ते १९९३ च्या डिसेंबरमध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीमेवर शांतता राखण्याचा करार उभय देशांत झाला होता. १९९६ मध्ये च्यांग झमिन, २००६ मध्ये हू जिंताव आणि २०१४ मध्ये शी जिनपिंग भारतात आले तेव्हा त्यांनी कोटणीस कुटुंबीयांच्या भेटी घेतल्या, पुष्पगुच्छ दिले. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान मारले गेले आणि कोटणीसांचे नाव घेणे पुन्हा अनेकांना गैरसोयीचे वाटू लागले.

एका दिवंगत डॉक्टरला असे वर-खाली करणारी ही राजनीती दोन्ही बाजूंची आहे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. बीजिंगची राजवटदेखील कोटणीसांचा उपयोग करून घेते. ज्या पक्षाने १९८९ मध्ये तिआनमेन चौकात आपल्याच विद्यार्थ्यांवर रणगाडे घातले, त्या पक्षाला परदेशी हुतात्म्याच्या समाधीवर फुले वाहण्याने नैतिक अधिकार प्राप्त होत नाही. शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे आणि तेथे चिनी नागरिक मनापासून नतमस्तक होतात. ती कृतज्ञता खरी आहे. परंतु जनतेची कृतज्ञता आणि सरकारचा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणूनच, सीमेवर वैर असताना चीनला मदत करणाऱ्याचे स्मारक कशाला, असा जो प्रश्न काही मंडळी उपस्थित करतात, तो मुळातच चुकीचा आहे. कोटणीस आजच्या कोणत्याही चिनी सरकारचे सेवक नव्हते. ते भारताच्या राष्ट्रीय चळवळीचे प्रतिनिधी होते आणि ज्यांची घरे जळत होती त्या शेतकऱ्यांचे डॉक्टर होते. गलवानमध्ये मृत्यू पावलेले जवानही शेतकऱ्यांचीच मुले होती. दोन देशांतील सामान्य माणसांनी एकमेकांचे वैरी व्हावे यात ज्यांचा लाभ आहे, त्यांना हे घर नकोसे वाटणारच. आणि दोन देशांची मैत्री म्हणजे केवळ व्यापार व शिष्टमंडळे असे ज्यांना वाटते, त्यांनाही हे घर फक्त छायाचित्रापुरतेच हवे आहे. या दोघांच्याही हाती ते सोपवता कामा नये.

सोलापूरचा वारसा, सोलापूरचे काम

या घराला एक शेजारी इतिहास आहे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, पोलिसांनी गोळीबार केला, इंग्रजी अंमल काही दिवस शहरातून जवळजवळ नाहीसा झाला आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले गेले. त्या लढ्याच्या वेळी द्वारकानाथ एकोणीस वर्षांचे होते. चार हुतात्म्यांचे शहर आणि कोटणीसांचे शहर ही दोन वेगळी शहरे नव्हेत. ज्या गिरणगावाने परकी सत्तेला आव्हान दिले, त्याच गावाच्या मुलाने आठ वर्षांनी ते आव्हान समुद्रापार नेले. ही साखळी जोडून दाखवणारे एकही पान सोलापूरच्या विद्यार्थ्याच्या हाती पडत नसेल, तर त्याचा दोष घराच्या भिंतींचा नव्हे.

आणि प्रश्न केवळ इतिहासाचाही नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल बंद पडली, इतर गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. त्यांच्या जागी यंत्रमाग आणि विडी हे या शहराचे जगण्याचे साधन झाले. तंबाखूची धूळ छातीत घेत हजारो स्त्रिया घरोघरी विड्या वळतात. कापसाच्या तुसात यंत्रमाग कामगार बारा-बारा तास उभा राहतो. यांच्या फुप्फुसांची तपासणी कोण करतो? क्षयरोग अंगी मुरेपर्यंत त्यांच्याकडे कोण जातो? सार्वजनिक आरोग्यावरील शासकीय खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दिले होते. ते वचन पाळले गेले नाही. दुसरीकडे वैद्यकीय शिक्षणाची पदवी ही लक्षावधी रुपयांची गुंतवणूक बनली आहे, आणि गुंतवणूक केलेला डॉक्टर खेड्याकडे किंवा झोपडपट्टीकडे वळण्यापूर्वी व्याजाचा हिशेब करतो. इस्पितळाने रुग्णाकडे गेले पाहिजे, हा सोंगयानखोच्या भग्न भिंतींतून निघालेला धडा सोलापूरच्या विडी वसाहतीत आजही शिकायचाच आहे.

यासाठी काही गोष्टी तातडीने घडल्या पाहिजेत. भैया चौकातील स्मारकात पाचही डॉक्टरांची, १९३८ च्या लोकवर्गणीची आणि १९४२ च्या वादाची संपूर्ण हकीकत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि हिंदी या सोलापूरच्या भाषांत मांडली गेली पाहिजे. कुओ छिंगलान २०१२ मध्येच निवर्तल्या. परिचारिका म्हणून त्यांनी केलेल्या कामाचा उल्लेख केवळ पत्नी या नात्याने होऊ नये. स्मारकाच्या जोडीला विडी व यंत्रमाग कामगारांसाठी नियमित आरोग्य तपासणीचे केंद्र चालवावे, आणि शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना तेथील काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून द्यावे. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात स्मारकासाठी कायम तरतूद असावी. परदेशी पाहुणा येणार म्हणून रंग लावण्याची पद्धत बंद व्हावी.

परंतु शासनाकडे मागण्या करून कार्यकर्त्यांची जबाबदारी संपत नाही. ९ डिसेंबर हा दिवस कोणत्याही वकिलातीच्या निमंत्रणाची वाट न पाहता पाळता येतो. त्या दिवशी हार-तुऱ्यांऐवजी वस्तीत आरोग्य तपासणी व्हावी, रक्तदान व्हावे, आरोग्यसेविकांच्या वेतनाचा प्रश्न घेऊन मोर्चा निघावा, शाळांमधून १९३८ च्या पथकाची गोष्ट सांगितली जावी. १९३८ मध्ये गुलाम देशातील गरीब जनतेने आणे-पैसे जमवून जखमी परक्यांसाठी डॉक्टर पाठवले. आज स्वतंत्र देशातील जनतेने आपल्याच विडी कामगारांच्या दारी डॉक्टर पोहोचवावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. ती पुरी होईल तेव्हाच भैया चौकातील घर खऱ्या अर्थाने जपले गेले असे म्हणता येईल.